सोजरबाईची बाजरी

गोमतीबाई मुलगी पाहायला आल्या त्या भर दुपारी. त्यांनी विजयमालेला अंगणात उभं केलं, तिच्या बांगड्या वर सरकवल्या, मनगट उन्हात धरलं आणि आपलं मनगट त्याला लावून पाहिलं. मग शेजारी उभ्या असलेल्या तिच्या आईकडे, सोजरबाईकडे वळून म्हणाल्या, “पोट्टी पसंत हाय. हुंडा-फिंडा काही नको. मले फक्त हा रंग पायजे.”

सोजरबाईचा कानांवर विश्वास बसेना. केनवडपासून दीड कोसावरच्या वस्तीत तिची एक खोली होती आणि दोन एकर बरड. दगडगोट्यांच्या त्या जमिनीत कापूस धरत नसे. बाजरी यायची, एखाद्या वर्षी थोडी ज्वारी. पोरगी दोन वर्षांची असताना नवरा पटकीनं गेला. तेव्हापासून दुसऱ्यांच्या शेतात मजुरी आणि पहाटे लोकांच्या घरचं दळण, यावर तिनं पोरगी वाढवली होती. बेचाळीस वर्षांची झाली तरी पायलीभर दळून ती सोंगणी-कापणीला जायची आणि तरण्या बायांच्या पुढं पात धरायची. आजारी पडून दिवसाउजेडी आडवी झालेली तिला कुणी पाहिली नव्हती. आणि गोमतीबाईंकडं केनवडात वीस एकर काळी जमीन, दोन बैलजोड्या, एकुलता एक मुलगा जानराव.

गोमतीबाई वाईट बाई नव्हत्या. त्यांची सल वेगळी होती. “माह्या सासूनं मले बारा वर्षं नावानं हाक नाही मारली,” त्या सांगायच्या. “तव्याचं बूड म्हनायची. चार लोकांत. माहा जानराव माह्यावर गेला. आता नातू तरी उजळ पाह्यजे बाप्पा.”

लग्न त्रेपन्न साली झालं. पुढल्या वर्षी विजयमालेला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात रीतीप्रमाणं ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिच्यासोबत गाडीत तांदळाचं एक पोतं आलं. गिरणीतून सडून आणलेला, मोत्यासारखा पांढरा. त्या मुलखात तांदूळ सणालाच शिजायचा, तोही मूठभर. गोमतीबाई स्वतः गाडीबरोबर आल्या होत्या.

“इहीनबाई, नीट ऐका. हिले सकाळ-संध्याकाळ भातच द्या, वर दूध-साखर. पेज टाकून द्याची, भात मोकळा पायजे. बाजरी दाखवाची नाही. गूळ नाही, तीळ नाही, भाजीपाला नाही. जे काळं, थे पोटात गेलं की लेकराच्या अंगावर उतरते.”

“आन जवारीची भाकर?”

“जवारीबी नको. तुमचं मजुराचं खानं तुमी खा. मी महागाचं आनून देऊन राह्यली ना?”

सोजरबाई मान हलवत राहिली. आपण दळण दळणाऱ्या, मोठ्या घरच्या बाईला जास्त कळत असणार. शिवाय खरं सांगायचं तर तिला लाजही वाटायची. वीस एकरांच्या घरच्या सुनेपुढं आपली राखट भाकर कशी ठेवायची?

त्या दोन महिन्यांत त्या एका खोलीत दोन चुली पेटत होत्या. एकीवर पोरीचा भात, दुसरीवर आईची बाजरीची भाकर. तव्यावर भाकरी फुगली की तिचा वास खोलीभर व्हायचा आणि विजयमाला पाटावरून बघत राहायची.

“माय, कोरभर दे ना वं.”

“नाही माय. तुह्या सासूनं सांगतलं हाय.”

“थे काय पाह्याले येते?”

“लेकराचा रंग तर पाहीन ना?”

पोरगी उजळत चालली. हात पांढरे झाले, ओठ पांढरे, नखं तर कागदासारखी. वस्तीतल्या बाया येऊन म्हणायच्या, “सोजर, तुही लेक तर मडमीन झाली वं.” गोमतीबाई महिन्यानं पाहायला आल्या आणि सुनेची हनुवटी वर करून त्यांनी स्वतःच्याच कानशिलावर बोटं मोडली. भाताचा गुण दिसायला लागला होता! सोजरबाईलाही बरं वाटलं. पोरीला विहिरीपर्यंत जाताना मध्ये दोनदा बसावं लागतं, तिच्या पायांवर सूज आहे, बोट दाबलं की खड्डा पडतो, हे तिला दिसत होतं. पण पहिलटकरणीचं होतंच असं, म्हणून तिनं सोडून दिलं. एकदा खाटेमागची भिंत सारवताना तिला हातभर जागा खरवडलेली दिसली. उंदीर असेल म्हणून तिनं ती लिंपली. दोन दिवसांनी लिंपलेलंही गेलं होतं. मग तिनं पोरीचं तोंड उघडून पाहिलं. दातांत माती होती.

“काहून खाते वं माती?”

“ठाव नाही माय. राहवत नाही.”

पौषात ती बाळंत झाली. मुलगा होता, आणि मेलेला होता. रक्त थांबेना. सोजरबाईनं शेजाऱ्याची बैलगाडी जुंपायला लावली, पोरीच्या पायांखाली गोधड्यांचा ढीग रचला आणि रिसोडच्या दवाखान्याची वाट धरली. वाटेत ती पोरीशी एकसारखी बोलत होती. काय बोलत होती ते तिला पुढं कधीच आठवलं नाही.

दवाखान्यातली नर्सबाई देशावरची होती, बोलणं तुटक. तिनं विजयमालेची खालची पापणी ओढून पाहिली आणि सोजरबाईला जवळ बोलावलं. “हे बघा. इथं लाल दिसायला हवं. काय दिसतंय?”

“पांढरं.”

“पोरगी गोरी नाही झालेली बाई. हिच्यात रक्तच उरलेलं नाही. बाळंतपणात चार चुळा रक्त जायचंच, ते झेपायला आधी अंगात असावं लागतं. खायला काय देत होता?”

सोजरबाईनं सांगितलं. नर्सबाईनं विचारलं, “तुमच्या शेतात काय पिकतं?”

“बाजरी.”

“आणि तुम्ही काय खाता?”

“तेच.”

नर्सबाईनं सोजरबाईचीच पापणी ओढून पाहिली, मग सोडून दिली. ती आतून लाल होती. नंतर जे बोलली ते सोजरबाईनं अक्षर न अक्षर लक्षात ठेवलं. गिरणीत तांदूळ पांढरा होतो म्हणजे त्याच्यावरचं सत्त्वाचं साल निघून जातं. उरलेलं पेजेबरोबर तुम्ही ओतून देता. बाजरी सालासकट दळली जाते, सालासकट खाल्ली जाते. तिच्यात लोह असतं, त्याचंच रक्त होतं. ज्वारीही चांगली. भाकरीबरोबर पाला खावा, वर लिंबू पिळावं, म्हणजे लोह अंगी लागतं. नुसत्या भाकरीनं सगळं होणार नाही, गोळ्याही देते. पण तुमच्या घरात जे होतं ते पोरीला दिलं असतं, तर ती एवढी रिकामी झाली नसती.

हे शेवटचं वाक्य घेऊन सोजरबाई घरी आली.

चार महिने तिनं लेकीला बाजरी चारली. सकाळी भाकर, दुपारी भाकर, रात्री ज्वारीच्या कण्या. पोरगी हळूहळू उठून बसली, मग चालली, मग एक दिवस भरलेली घागर घेऊन न थांबता घरापर्यंत आली. भिंत शाबूत राहिली. ओठांवर रंग आला, तसा गालांवरही आला, थोडा सावळाच.

गोमतीबाई सुनेला न्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. “हे काय वं? पार काळवंडली पोट्टी! उन्हात राबवली का तुमी?”

“इहीनबाई, नर्सबाईनं सांगतलं का बाजरी...”

“बाजरीच चारली ना? मंग बराबर हाय. नातू तर तुमच्या घरीच गेला माहा. तुमची हयगय.” त्यांचा आवाज फुटला. नातवासाठी शिवलेलं टोपडं त्यांच्या पेटीत तसंच होतं, हे सोजरबाईला ठाऊक होतं. “आता पुढचं बाळंतपन माह्या घरी, माह्या डोळ्यांपुढं.”

छप्पन साली विजयमालेला पुन्हा दिवस गेले. सोजरबाईला ते कळलं तेव्हा तिसरा महिना संपत आला होता. ती केनवडला धावली. स्वयंपाकघरात तांदळाचं पोतं उभंच होतं.

“गोळ्या घेते का दवाखान्यातल्या?” तिनं लेकीला हळूच विचारलं.

“आत्यानं फेकल्या.” सासूला ती आत्या म्हणायची. “त्यानं परसाकडे काळं होते ना. आत्या म्हने, पोटात काळं उतरून राह्यलं.”

सोजरबाईनं विहिणीचे पाय धरले. नर्सबाई काय म्हणाली ते सगळं सांगितलं. गोमतीबाईंनी ऐकून घेतलं, रागावल्याही नाहीत. “तुमी हात लावला थे एक लेकरू गेलं. आता मले माह्या मतानं करू द्या.” लेकरू गेलं होतं आणि हात सोजरबाईचाच लागला होता.

जानरावला तिनं गोठ्यात गाठलं. तो बैलांना पेंड घालत होता. “तुमी तरी सांगा ना मायले.” तो खाली पाहत म्हणाला, “मायपुढं माहं काय चालते?”

परतताना दीड कोस ती एकच गोष्ट मनात घोळवत होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी आईनं अन्न खायचं नाही, पाणीही प्यायचं नाही, अशी रीत. त्या घरी जायचं तर शिदोरी आपली न्यावी लागते. आपली शिदोरी आपण नेली तर कोण काय म्हणेल?

दिवाळी झाली आणि कापसाच्या वेचणीला तोंड लागलं. सोजरबाई केनवडलाच वेचायला जाऊ लागली, गोमतीबाईंच्या घरामागच्या शेतात. पहाटे उठून तीन भाकरी थापायच्या, हरभऱ्याचा पाला नाहीतर वाळल्या आंबाडीची भाजी, एक लिंबू, पाण्याचा गडवा. दुपारी बाया बांधावर बसल्या की ती फडकं काखेत मारून लेकीच्या घरी जायची आणि अंगणात कडब्याच्या गंजीआड बसायची. विजयमाला आईच्या पुढ्यात येऊन बसायची, त्यात वावगं काय? गोमतीबाई ओसरीवर सुपारी कातरत असायच्या. तिथून त्यांना सोजरबाईची पाठ दिसायची आणि हलणारा जबडा. खात असायची विजयमाला. सोजरबाई नुसती तोंड हलवायची.

“काय वं इहीनबाई, तीन-तीन भाकरी! तोंड हाय का जातं?”

“मजुराचं पोट हाय बाई. कितीबी टाका, बूडच नाही त्याले.”

“आमच्या गावात, आमच्या नाकासमोर कापूस वेचता. लोकं काय म्हनत असतीन?”

“लोकं म्हनतेत, बुढी लेकीले पाह्याले येते.”

विजयमाला हसू दाबायची आणि घास अडकायचा. मग आई तिच्या पाठीवर थापट्या मारायची. गडव्यातलं पाणी घटाघटा पिऊन, तोंड पुसून, पोरगी घरात गेली की सोजरबाई फडकं झटकायची, त्यातला चुरा चिमटीनं उचलून तोंडात टाकायची आणि शेतात परत जायची.

तिथं भुरीबाई होती, तांड्यावरची, सोजरबाईच्याच वयाची. तिनं आठ दिवसांत ओळखलं. “ए सोजर, तू भाकर खाऊन आली का भाकर पाहून आली? तोंड तर एकादशीचं दिसून राह्यलं.”

सोजरबाईनं तिला खरं सांगितलं, शपथ घालून. त्या दिवसापासून भुरीबाई आपल्या ज्वारीच्या भाकरीतली अर्धी ठेवून द्यायची आणि देताना शिव्या द्यायची. “गिळ. तुही लेक जगन आन तू मरशीन, तर तिचं बाळंतपन कोन पाहीन, मी?”

मार्गशीर्ष गेला, पौष गेला. सोजरबाई रोज नखं बघायची, पापणी ओढायची. पाचव्या महिन्यात पापणी फिकी होती. सातव्यात गुलाबी झाली. पोरीच्या पायांवर सूज आली, पण बोटाचा खड्डा आता लगेच भरायचा. गोमतीबाईंनीही सुनेचा हात उन्हात धरून पाहिला आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी दुधात साखर वाढवली, भात वाढवला. आणि सोजरबाई वाळत गेली. अर्ध्या भाकरीवर दिवसभर वाकून वेचायचं, पुन्हा तीन कोस पायपीट, पहाटे दळण. तिची चोळी सैल झाली, गालांची हाडं वर आली.

माघात एका दुपारी लेकीला जेवू घालून ती परत आली, तीन झाडं वेचली आणि ओटीतल्या कापसासकट सरीत पडली. भुरीबाईनं हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. डोळे उघडेनात. जवळचं घर गोमतीबाईंचं. भुरीबाई तिकडं धावली आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून निघतं तसं सगळं एका दमात निघालं.

“बाई, धावा वं! तुमची इहीन पडली. उपाशी मरते थे! तीन महिने झाले, आपली भाकर लेकीले चारते आन माह्यातली अर्धी खाते!”

गोमतीबाईंच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला.

सोजरबाईला शुद्धीवर आणून त्यांनी अंगणात बसवलं. गुळाचं पाणी पुढं केलं. रीत होती म्हणून सोजरबाईनं ते घेतलं नाही. तेव्हा गोमतीबाईंनी पेला जमिनीवर ठेवला आणि सुनेला हाक मारली. जानरावही गोठ्यातून येऊन उभा राहिला.

“सांग सूनबाई. तू मागून खाल्लं का तुह्या मायनं चारलं? तू मागितलं असशीन तर आत्ता मायसंग जाय, आन परत येऊ नको. मी पोराचं दुसरं लगन लावून देईन.”

विजयमालेनं पोटावर पदर घट्ट ओढला. तिनं आईकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. नवरा दाव्याची गाठ सोडत होता, पुन्हा बांधत होता.

“थे काय सांगीन?” सोजरबाई म्हणाली. “मीच कोंबलं तिच्या तोंडात. थे नाहीच म्हने. रोज नाही म्हने.”

“खरं का वं?” गोमतीबाईंनी सुनेला विचारलं.

विजयमालेनं मान हलवली. हो.

“मंग आयका, इहीनबाई. आता या अंगनात पाय टाकाचा नाही. पोरगं होवो का पोरगी होवो. मी जित्ती हाय तोवर नाही.”

सोजरबाई उठली. उठताना तिनं जमिनीला हात टेकवला, कारण तोल जात होता. लेकीनं आधाराला हात पुढं केला नाही, आणि तिनं तो करू नये असंच सोजरबाईला वाटत होतं.

पुढचा दीड महिना विजयमालेच्या पानात फक्त भात होता. सोजरबाई केनवडच्या शिवारात ज्वारी सोंगायला येत राहिली. घरामागून जाताना ती मान वळवत नसे. तीन महिन्यांचं किती उरलं असेल आणि दीड महिन्यात किती जाईल, एवढा एकच हिशोब तिच्या डोक्यात चालायचा आणि तो तिला कधी सुटत नसे.

फाल्गुनात सकाळी भुरीबाई सोंगणीत धावत आली. पोट दुखायला लागलं होतं. जानराव मध्यरात्रीच आईला न विचारता गाडी जुंपून रिसोडला गेला होता आणि नर्सबाईला घेऊन आला होता. सोजरबाईनं विळा तिथंच टाकला. ती घरापर्यंत गेली, पण अंगणात गेली नाही. रस्त्यावर, गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून बसली. आतून लेकीचं कण्हणं ऐकू यायचं, मध्येच बंद व्हायचं. बंद झालं की सोजरबाई मूठ आवळायची. ऊन डोक्यावर आलं. सोंगणीवरच्या बाया जेवायला बसल्या, उठल्या.

आणि एकदम घरातून गोमतीबाईंचा हंबरडा आला. घरात माणूस गेलं की बाया फोडतात तसा, छाती पिटून. “अरे देवा रे! माहं नशीब रे!”

सोजरबाई उठू शकली नाही. भुरीबाई तिच्याजवळ मटकन बसली आणि तिनं तिचं डोकं छातीशी धरलं.

किती वेळ गेला कोण जाणे. नर्सबाई हात पुसत बाहेर आली. भिंतीशी बसलेल्या दोघींना पाहून थांबली. सोजरबाईला तिनं ओळखलं.

“इथं का बसलात? मुलगी झाली तुमच्या लेकीला.”

सोजरबाईनं घराकडं बोट केलं. “थे... रडून राह्यल्या...”

“मुलगी आहे आणि सावळी आहे म्हणून.” नर्सबाईचा आवाज कडू झाला. “रक्त बरंच गेलं. बरंच. पण या वेळी जायला तरी अंगात होतं. वाचेल. उठायला दिवस लागतील, पण वाचेल.”

भुरीबाई रडायला लागली. सोजरबाईला रडू आलं नाही. तिनं भिंतीला धरून उभं राहून पाहिलं, राहता आलं.

थोड्या वेळानं जानराव बाहेर आला. तो सासूच्या डोळ्यांत पाहत नव्हता.

“माय म्हनते, तुमी आत येऊ नका. बारशालेबी नाही.”

“पोरगी रडते का?”

“लय रडते.”

“काळी हाय?”

“माह्यासारखी हाय,” तो म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्याचा आवाज जरा चढला. मग पुन्हा खाली आला. “माय आता बाजरी दळाले बसली. बाळंतिणीले बाजरीच देतेत ना. दूध येते त्यानं.”

आत जात्याची घरघर सुरू झाली होती. ती सोजरबाईनंही ऐकली. याच बाजरीसाठी तिला या रस्त्यावर बसवलं होतं.

“देतेत,” ती म्हणाली. “जानराव, एक आयका. सव्वा महिना झाला की बंद करतीन. तुमी बंद नका होऊ देजा. पोरीलेबी, मोठी झाली की.”

“पाहू,” जानराव म्हणाला.

“पाहू नका. देजा.”

तो काहीतरी म्हणणार होता, पण आतून आईची हाक आली आणि तो वळला. सोजरबाई आणि भुरीबाई शेताकडं निघाल्या. पात अर्धी राहिली होती आणि विळा कुठं टाकला ते शोधायचं होतं.